नितळ पाण्याच्या शोधात : शिरूर-दौंडपासून मालवणपर्यंत

डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि पाण्यावर पालथं पडून खालचं जग पाहत राहणं, एवढाच स्नॉर्केलिंगचा मामला. पाठीवर सिलिंडर लागत नाही, कसली परीक्षा द्यावी लागत नाही, फार पैसेही लागत नाहीत. दिवाळीची सुट्टी लागली की शिरूर आणि दौंड भागातून गाड्या भरून लोक मालवण-तारकर्लीला जातात. परत आल्यावर काहीजण रंगीत माशांचं वर्णन करताना थकत नाहीत, तर काहीजण म्हणतात, नुसतं हिरवं पाणी दिसलं, पैसे वाया गेले. दोघंही खरं बोलत असतात. सिंधुदुर्ग किल्ल्यापुढचा तोच खडक सकाळी आठला आरशासारखा असतो आणि दुपारी तीनला तिथे स्वतःचे पाय दिसत नाहीत. चांगली जागा कोणती, ती कधी चांगली असते आणि तिथे उतरण्याआधी अंगात काय तयारी हवी, हे निघण्याआधी कुणी सांगत नाही. हा सगळा प्रश्न एकदा नीट तपासायला हवा, आणि सुरुवात घरच्या पाण्यापासूनच करायला हवी.

घरी पाणी कमी नाही. शिरूरला जुनी माणसं आजही घोडनदी म्हणतात, नदीचंच नाव गावाला. उत्तरेकडून कुकडी येते, पश्चिमेकडून भीमा आणि वेळ नदी. पुण्याहून निघालेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, पुढे भीमा दौंड शहराला वळसा घालून उजनीच्या फुगवट्यात शिरते. यातल्या बहुतेक नद्या सह्याद्रीच्या माथ्यावर, कोकणच्या कड्याच्या तोंडाशी जन्मतात आणि पाठ फिरवून पूर्वेला जातात. अरबी समुद्र हाकेवर असताना आपलं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं.

या पाण्यात काच लावून उतरावं का? भीमा आणि मुळा-मुठेपुरतं उत्तर सरळ "नाही" असं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. त्या यादीत भीमा आहे, मुळा आहे, मुठाही आहे. पुण्याचं सांडपाणी अंगावर घेत आलेल्या नदीत उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा पसरतो. त्याखाली वाळूउपशाने पडलेले खड्डे असतात. काठाजवळ गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला दोन पुरुष खोली, अशा जागी पट्टीचा पोहणाराही फसतो.

टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामधल्या कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहण्यासारखे आहेतच. पुराच्या पाण्यात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी काळ्या बसाल्टमध्ये हजारो वर्षांत कोरलेली ती खोल कुंडं आहेत. पण ती पाहायची काठावरून. कडा गुळगुळीत, बाजू सरळसोट, आत हाताला काही लागत नाही. घोड धरणाचं पाणी मोठं आणि शांत, पण गढूळ. आपल्या काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतात, तळाला बसतच नाहीत. उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्यात शेवाळाने हिरवं झालेलं पाणी आणि त्यात चिलापी, असा मामला आहे. तिथलं वैभव पाण्यावर आहे, हिवाळ्यात भिगवणला येणारे रोहित पक्षी. ते होडीतून पाहावेत. कालव्यात मात्र कधीच उतरू नये. वरून संथ दिसणाऱ्या प्रवाहाला ओढ असते आणि अस्तर केलेल्या काठाला बाहेर पडायला वाट नसते. शेततळं त्याहून फसवं. पाणी नितळ, खोली माफक, पण प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की आत गेलेल्याला वर चढता येत नाही. दरवर्षी कुठे ना कुठे त्यात मुलं जातात. शेततळ्याला दोर आणि टायर बांधून ठेवायला शंभर-दोनशे रुपये पुरतात, तरी ते बहुतेक ठिकाणी दिसत नाहीत.

राहिली विहीर. शिरूर-दौंडच्या माणसासाठी या छंदाची पहिली खरी जागा तीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी पोहणं विहिरीतच शिकलं जायचं. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, कमरेला दोर, दोराचं टोक काकाच्या हातात. आठ दिवसांत डबा सुटायचा, मग मुटका, मग सूर, आणि शेवटी तळ काढणं. बुडी मारून तळाचा चिखल मुठीत आणून दाखवला की पोरगा पास. बोअर आणि ठिबक आल्यापासून ही शाळा जवळजवळ बंद पडली आणि आता समुद्रावर लाइफ जॅकेट घालूनही घाबरणारी तरुण मुलं दिसतात. ज्यांच्या रानात अजून बांधीव, पायऱ्यांची, वापरातली विहीर आहे, त्यांनी ती या कामाला लावावी.

पाऊस उघडला, कार्तिक लागला की झरे जिवंत असतात आणि पाणी निवळतं. बाराच्या सुमाराला ऊन सरळ आत उतरतं तेव्हा काच लावून पालथं पडावं. दगडी बांधकामाच्या सांध्यांत उगवलेली मुळं, कपारीत बसलेला बेडूक, हिवताप विभागाने कधीतरी सोडलेल्या गप्पी माशांची पिलावळ, नशिबात असेल तर कडेने सरकणारी दिवड. ती बिनविषारी आहे, तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावं. हिवाळ्यात झरा फुटलेल्या बाजूला गेलं की अंगाला कोमट पाणी लागतं आणि त्या जागी नजर थोडी धूसर होते, कारण दोन तापमानांची पाणी एकमेकांत मिसळताना प्रकाश वाकडातिकडा जातो. समुद्रात गार थरातून जाताना नेमकं हेच दिसतं. विहिरीत ते ओळखीचं झालं असेल, तर तिथे माणूस गडबडत नाही.

उतरण्याआधी मोटार बंद, स्टार्टरचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात, आणि काठावर दोर घेतलेला जाणता माणूस. पाण्यात उतरलेला वीजप्रवाह दिसत नाही आणि दुसरी संधी देत नाही.

सामानाचा सरावही इथेच व्हावा. मुखवटा घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने श्वास ओढावा. तो हात न लावता चिकटून राहिला तरच तो आपल्या मापाचा. भरघोस मिशी असेल तर वरच्या ओठाशी पाणी झिरपतं, तिथे थोडं व्हॅसलिन लावावं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची, हा जगभरचा जुना उपाय आहे आणि तो चालतो. नळी वीतभर जास्त लांब असती तर खोल जाता आलं असतं, असं प्रत्येक नवख्याला वाटतं. पण पाण्याचा दाब छातीवर येतो. तोंड काठावरच्या हवेत आणि छाती अर्ध्या-पाऊण मीटरखाली असली तरी फुप्फुसं फुगवताना धाप लागते. म्हणूनच नळी फूटभरापेक्षा फारशी मोठी नसते. पाण्याखाली सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं, हेही इथेच सवयीचं होतं. पूर्ण चेहरा झाकणारे जे नवे मुखवटे बाजारात आले आहेत ते नवख्याने टाळावेत. त्यात सोडलेली हवा साचण्याचा धोका असतो आणि पाणी शिरलं तर ते झटकन काढता येत नाहीत. वीस मिनिटं न थांबता, घाई न करता तरंगता आलं की समुद्राला जायला हरकत नाही.

आता समुद्राकडे. स्नॉर्केलिंग म्हटलं की डोळ्यांसमोर लक्षद्वीप-अंदमानची छायाचित्रं येतात. निळंशार पाणी, कधीही उतरा, खाली प्रवाळ. कोकणात त्या अपेक्षेने गेलेला माणूस निराश होतो. कोकणचा समुद्र उष्ण कटिबंधातला खरा, पाणी वर्षभर कोमट, पण खाड्यांचा गाळ, भरती-ओहोटी आणि वारा यांमुळे त्याचं वागणं थंड प्रदेशांतल्या किनाऱ्यांसारखं आहे. म्हणून आपल्याला शिकायचं ते न्यूझीलंड, इंग्लंड, कॅलिफोर्निया, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या स्नॉर्केलिंग करणाऱ्यांकडून. त्यांचा समुद्र रोज नितळ नसतो, त्यामुळे दिवस आणि जागा निवडण्याची कला त्यांनी मुरवली आहे.

त्यांचं शहाणपण थोडक्यात असं. वाळूवर काही नसतं, खडक शोधा, कारण जीव चिकटतो तो खडकाला. खडकही असा हवा की वारा आणि लाट यांना त्याची पाठ असेल. नदीचं किंवा खाडीचं तोंड लांब असावं. खोली एक ते चार मीटर पुरे, कारण पाच-सहा मीटरवर लाल रंग पाण्याने पिऊन टाकलेला असतो आणि सगळं निळसर-राखाडी होतं. आत जायची जितकी सोपी वाट, तितकीच सोपी बाहेर यायची वाट हवी, आणि ती थकल्यावरही सोपी वाटायला हवी. शेवटचं म्हणजे, रोज त्या पाण्यावर असणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये.

ऑकलंडमधल्या मराठी कुटुंबांना गोट आयलंड ठाऊक असेल. शहराच्या उत्तरेला, तासा-दीड तासावर असलेला हा किनारा 1975 साली न्यूझीलंडचं पहिलं सागरी राखीव क्षेत्र झाला. त्यासाठी बिल बॅलंटाइन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर. मासेमारी थांबल्यावर तिथे मोठे स्नॅपर आणि शेवंडे परतले. त्यांनी समुद्री साळूंची संख्या आटोक्यात आणली, आणि त्या साळूंनी खाऊन उघडे पाडलेले खडक पुन्हा सागरी वनस्पतींनी भरले. सिडनीत मॅन्लीजवळची कॅबेज ट्री बे 2002 साली राखीव झाली. ती अवघी वीस हेक्टर, पण शहरातल्या माणसाला बस पकडून, टॉवेल खांद्यावर टाकून जाता येतं आणि हातभर लांबीचे निळे ग्रोपर पाहून घरी जेवायला परतता येतं. इंग्लंडमध्ये किमरिज बे इथे डॉर्सेट वाइल्डलाइफ ट्रस्टने उन्हाळ्यात बोये बांधून पाण्यातली पायवाट आखून दिली आहे. बोया बोयाने पुढे जायचं आणि प्रत्येक ठिकाणी काय दिसेल ते आधी वाचून ठेवायचं. तिथे अंगात जाड रबरी पोशाख घालूनही दात वाजतात. आपल्याकडे त्याची गरज नाही, पण ती आखलेली वाट आपल्याकडेही हवी.

हीच फूटपट्टी घेऊन महाराष्ट्राचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे तपासला तर चित्र लगेच स्पष्ट होतं. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत जवळजवळ पाच मीटरचा फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर झालं की चिखल ढवळलेलाच राहणार. पालघर, मुंबई, अलिबाग, मुरूड हा पट्टा त्यामुळे स्नॉर्केलिंगला नाही. मात्र मुंबईने दुसरी वाट शोधली आहे. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट 2017 पासून ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर पायी नेतो आणि डबक्यांतली समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी, आठ हातांचा ऑक्टोपस दाखवतो. हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर चक्क जिवंत प्रवाळ आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी 2020 साली त्यातल्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. ज्याला पोहता येत नाही, ज्याच्याबरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं आहेत, त्याने डबकी पाहावीत. शिरूरहून मुंबईला लग्नाला गेल्यावर सकाळचे दोन तास काढून हे होऊ शकतं.

रत्नागिरीपासून पुढे पाणी हळूहळू सुधारतं. भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो, किनाऱ्यालगत खडप वाढतं. मालवणला उधाणाचा फरक दोन-अडीच मीटरवर आलेला असतो. शिवाय समोर खडकांची साखळी आहे, जी लाटा अडवते. एस. झेड. कासिम आणि वफर या संशोधकांनी 1979 साली पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली, त्यात मालवण होतं. 13 एप्रिल 1987 रोजी राज्याने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्रफळ 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला सुमारे 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड याच गाभ्यात येतात.

शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचं काम काढलं, त्यामागचं कारणही हे खडकच होते. परक्या गलबतांना ते दिसत नाहीत, माहीतगार कोळ्यालाच त्यातून वाट ठाऊक. किल्ल्याला ज्यांनी राखलं ते खडक आज माशांची वस्ती आहेत. काच लावून पाहिलं तर खडकावर टणक गोळ्यांसारखे पोराइट्स, पानासारखे उलगडलेले टर्बिनारिया असे प्रवाळ दिसतात. पट्ट्यापट्ट्यांचे चपळ मासे टोळीने येतात, पोपट मासा खडकाला चोच मारत असतो आणि तो आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. कपारीत हेकरू दबा धरून असतो, वाळूत पाकट. हिवाळ्यात खडकावर सरगॅसम हे तपकिरी शेवाळ कमरेइतकं उंच वाढतं आणि लाटेबरोबर सगळं रान एका बाजूला झुकतं, मग दुसऱ्या बाजूला. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला लोक ज्या केल्पच्या जंगलासाठी जातात, त्याच तपकिरी शेवाळांच्या वर्गातलं हे आपलं बुटकं रान. गाइड मंडळी त्याला घाण म्हणून टाळतात. मला मात्र मालवणच्या पाण्यात सगळ्यात वेळ काढावा अशी जागा तीच वाटते. लहान मासे तिथेच लपतात.

मालवणला जायचं कधी, हा प्रश्न जागेइतकाच मोठा आहे. मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद असतात आणि ते योग्यच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्यांनी आणलेला गाळ अजून खाली बसायचा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत खात्रीचा काळ. चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपर्यंत दिसतं, तेवढ्यात समाधान मानायला हवं. पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा पाणी शांत असतं. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू होतो, पृष्ठभाग खवळतो आणि सगळं ढवळतं. म्हणून सकाळी सात ते दहा.

आणि आता तिथी. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कामाला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात येतं-जातं आणि गढूळ होतं. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती, म्हणजे फरक कमी, ओढ कमी. शिवाय भरती भरत आली की समुद्राकडचं स्वच्छ पाणी खडकांवर आलेलं असतं. आता या तिन्ही गोष्टी जुळवून पाहा. भांगाचे दिवस हवेत, भरती सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण व्हायला हवी आणि वारा सुटायच्या आत काम उरकायला हवं. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे शुद्ध असो की वद्य, नवमी ते एकादशी हे तीन दिवस. शिरूर-दौंडच्या घराघरात भिंतीवर दिनदर्शिका असते आणि एकादशी कुणी विसरत नाही. मालवणचं आरक्षण करताना शनिवार-रविवार पाहण्याआधी ती तिथी पाहावी. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, त्याच्याशी पडताळून घ्यावं.

जागा म्हणाल तर किल्ल्याभोवतीचे खडक सर्वांत गजबजलेले. सकाळी पहिल्या होडीने गेलं तरच मजा. दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीला पद्मगडापर्यंत चालत जाता येतं, तिथली डबकी पाहण्यासारखी आहेत. परतीची वेळ मात्र आधी ठरवून ठेवावी. चिवला किनारा शांत, उथळ, सरावाला उत्तम. दरवर्षी तिथे राज्यातल्या सागरी जलतरण स्पर्धा होतात, त्या पाहायला तरी मुलांना न्यावं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथलं दृश्य देखणं, पण संगमाची ओढ आणि गाळ पाहता पाण्याखाली पाहायला ती जागा निवडू नये. तारकर्लीची वाळू सुंदर, पण खाली वाळूच. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. ज्याला पुढे खोल उतरायचं असेल त्याने रस्त्यावरचा सौदा करण्यापेक्षा तिथे रीतसर शिकावं. निवती रॉक्सजवळ नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका समुद्रतळी ठेवण्याचं राज्य सरकारने ठरवलं आणि 2025 मध्ये ती ताब्यातही घेतली. ते काम स्कुबावाल्यांचं, नळीवाल्यांच्या आवाक्यातलं नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेचंही तेच. तिचा सर्वांत उथळ भागही वीसेक मीटर खोल आहे.

महाराष्ट्राबाहेर पाहायचं तर गोव्याच्या ग्रँड आयलंडला होड्यांची रीघ असते, पण मांडवी-झुआरीचं पाणी समोरच समुद्रात पडतं, त्यामुळे दृश्यता मालवणपेक्षा फार वरचढ नसते. मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट त्याहून कितीतरी सरस, कारण ते किनाऱ्यापासून लांब आहे. पण तिथे पाणी खोल आणि प्रवास खुल्या समुद्रातला. पहिल्याच वेळी तिथे जाऊ नये. जामनगरजवळ नरारा इथे ओहोटीला प्रवाळाच्या पठारावरून चालता येतं, पोहण्याची गरजच नाही. लक्षद्वीपचं पाणी या सगळ्यांच्या पलीकडचं, तसाच खर्चही.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. 21 मे 2024 रोजी आपल्याच उजनीत, कळाशी आणि कुगावच्या मधे, वादळी वाऱ्यात होडी बुडाली आणि सहाजण गेले. दोन्ही घटना मे महिन्यातल्या, वाऱ्याचा भरवसा नसलेल्या दिवसांतल्या. मेमध्ये शाळांना सुट्टी असते म्हणून आपण मेमध्ये जातो, समुद्राला त्याचं सोयरसुतक नाही. होडीत बसण्याआधी जॅकेट अंगात, बकल लावलेलं, प्रत्येकाच्या. होडीवाला जॅकेटची रास दाखवून "लागलं तर देतो" म्हणाला, तर उतरून यावं. ओळखपत्र आणि परवाना विचारायला लाजू नये. पाण्यात झार दिसले, म्हणजे जेलीफिश, तर त्या दिवशी उतरू नये. कालवांनी भरलेल्या खडकाला हात लावला की चिरतो, म्हणून हात शरीराशी. जेवून लगेच नको, आदल्या रात्रीच्या दारूवर तर मुळीच नको. आपल्या भागातून जाणाऱ्या तरुणांच्या सहलींत ही शेवटची सूचना सर्वांत जास्त मोडली जाते.

राहिला पाण्याखालच्या जीवांचा प्रश्न, आणि माझ्या मते चांगली जागा शोधण्याचा खरा प्रश्न इथेच आहे. मालवणचं अभयारण्य गोट आयलंडच्या पाचपट मोठं आहे. पण गोट आयलंडला कडक पहारा आहे, मालवणला गाभा क्षेत्रात होड्यांचे नांगर पडतात. नवख्या माणसाला धीर यावा म्हणून त्याला प्रवाळावरच उभं केलं जातं. फोटोत मासे यावेत म्हणून ब्रेड आणि बिस्किटं टाकली जातात. ब्रेडला चटावलेले दोन-तीन जातींचे मासे तेवढे वाढतात, बाकीचे मागे हटतात. पोराइट्सची एखादी हंडीएवढी वसाहत व्हायला कित्येक दशकं लागतात, कारण ती वर्षाला सेंटिमीटरच्या आसपासच वाढते. एका पायाने ती एका सकाळी तुटते. कठीण प्रवाळाला 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, वाघाच्या शेजारी. खडकाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणं हा गुन्हा आहे. वर समुद्राचं तापमानही वाढतं आहे आणि 2024 मध्ये जगभरच्या प्रवाळाचं पांढरं पडणं चौथ्यांदा नोंदलं गेलं. त्या संकटापुढे आपण एकटे फारसं काही करू शकत नाही. पायाखालचं मात्र आपल्या हातात आहे.

मालवणच्या होडीवाल्यांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. त्यांच्यातले बरेचजण रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, घरातले आहेत. मोठ्या यांत्रिक बोटींनी मासळी उपसून नेल्यावर पर्यटनाकडे वळले. पाणी कुठे, कधी नितळ असतं हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. गिऱ्हाईक जे मागतं ते ते देतात. आपण ब्रेड मागितला नाही, प्रवाळावर उभं राहायला नकार दिला, आणि "आज पाणी चांगलं नाही, उद्या या" म्हणणाऱ्याला उद्याचे पैसे आजच दिले, तर मालवणचा धंदा वर्षा-दोन वर्षांत बदलेल. सरकारने गाभा क्षेत्रात नांगर टाकण्याऐवजी कायमचे बोये बांधावेत आणि किमरिजसारखी आखलेली वाट द्यावी, ही मागणी मालवणकरांबरोबर आपणही करावी. तिथे सर्वांत जास्त गर्दी घाटावरच्यांची असते, म्हणून आपल्या शब्दाला वजन आहे.

शिरूरहून किंवा दौंडहून मालवण सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटर आहे. रात्री निघून सकाळी पोहोचलेल्या अंगाने त्याच दिवशी पाण्यात उतरू नका. एक रात्र झोपा, संध्याकाळी दांडीवर जाऊन उद्याच्या वाऱ्याची चौकशी करा, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता पहिली होडी घ्या. त्याआधी कार्तिकात घरच्या विहिरीवर मुलांना पोहायला घाला, दोर आपल्या हातात ठेवा. विहीर नसेल तर जवळच्या जलतरण तलावात तीन महिने पोहणं शिकवा. पोहता न येणाऱ्या मुलाला समुद्रावर नेऊन फोटोपुरतं पाण्यात उतरवू नका.